टप

उद्यमनगरात, तिसऱ्या गल्लीत, हिदायत मोमीनच्या शेडबाहेर
मामांची पांढरी फियाट मुद्दाम उन्हात लावलीय.
"तापू दे," तो म्हणतो, "डिंक सैल पडला की आपसूक येतंय.
गडबड केली तर चिंध्या हातात येत्यात."
बारा ते दोन. दिवसाला एवढंच काम.
एरवी तो दुसऱ्यांचे दरवाजे ठोकतो,
मी बाकावर बसून चहा थंड करते.

काळं रेक्झिन, कातड्यासारखं खरबरीत,
कडेनं स्टीलची पट्टी,
मागच्या काचेशी दोन फुगवटे, पाणी शिरून बसलेले.
दाबलं की आत कुरकुरतं
पापडासारखं.
अख्ख्या शाहूपुरीत असा टप दुसरा नव्हता,
मामी अजून सांगते,
ज्याला ऐकायचं नाही त्यालाही.

पिराजीमामा गुळाच्या अडतीवर बसायचे, इस्त्रीच्या पांढऱ्यात.
सौदा रुमालाखाली, बोटांनी.
घरातही रेडिओ कानाला लावून.
त्यांचा चढलेला आवाज मी ऐकलेला नाही,
मी काच फोडली तेव्हासुद्धा.

तिसऱ्या दिवशी पट्टी निघाली.
हिदायतनं पातं आत सारलं, दुसऱ्या हातानं ओढत गेला,
सायीला धक्का न लावता दूध ओतावं
इतकं हळू.
आणि वास आला:
जुना डिंक, गंज, आणि शपथेवर सांगते, थोडा गूळ.
"डिंकच तसला असायचा तवा," हिदायत म्हणाला.
बरं.

खाली निळा रंग. फिकट, शाळेच्या वहीतल्या रेघांचा.
मला ही गाडी पांढरीच माहीत.
निळ्यावर गंजाचे डाग
आणि आठ भोकं.
चार पुढं, चार मागं, मोजून मारलेली,
वरून लांबी भरलेली, ती फुगून उकललेली.
त्यानं एकात करंगळी घालून बघितली.
"भोंग्याची हायत. एक तोंड पुढं, एक मागं.
ही गाडी ओरडत हिंडल्याली हाय, ताई."

मामी मूग निवडत होती.
"लग्नाआधीचं ते," म्हणाली, वर न बघता.
मग बराच वेळ नुसते मूग.
मग, "कुस्त्यांची मैदानं पुकारायचे. कागल, मुरगूड,
पार निपाणीपर्यंत.
आमच्या आबांनी अट घातली. गाडी राहू दे, भोंगे उतरव,
भोंगेवाल्याला मी पोरगी देत नाही."
एक खडा निघाला, तो तिनं अंगणात टाकला.
"मी ऐकलेला आवाज. एकदाच. परसात होते,
हातात ओलं धुणं.
नंतर नाही."

नवीन रेक्झिन पुण्यात मिळतं म्हणे, हुबेहूब.
मी नको म्हटलं.
हिदायतनं रुपयाएवढे आठ तुकडे कापले, गॅसनं लावले,
घासून सपाट केले.
लांबी मारणार नाही म्हणाला.
"लांबी खोटी असतीय. माणसाला कळत न्हाई,
पाण्याला बरोबर कळतंय."

रंगाच्या आदल्या दिवशी मामीला रिक्षानं आणलं.
ती गाडीभोवती फिरली नाही. सरळ टपावर हात ठेवला,
उघडा, राखाडी पत्रा,
आणि बोटाच्या पेरानं वाजवत गेली.
टण टण टण, मग एकदम टक्.
परत टण, परत टक्.
डोळ्यांनी दिसत नव्हतं तिथं तिला आठही सापडले.
हिदायत फडक्यानं हात पुसत राहिला, पुसून झाले तरी.

मग ती पुढच्या सीटवर बसली, पदर आत ओढून घेतला.
"हॉर्न चालतोय का हिचा?"
"न्हाई काकी. वायर उंदरानं खाल्लीया."
"मग नवा बसव," मामी म्हणाली,
"आणि बारक्या आवाजाचा नको."